पाच इंची नळी

उद्यमबागेत, ईरण्णाच्या शेडमध्ये
दोन नळ्या त्यानं माझ्यापुढं ठेवल्या:
एक वर्खासारखी चंदेरी, सुरकुतलेली,
हवी तशी वळणारी;
दुसरी पत्र्याची. ताठ. महाग.

"मऊ घेतली की हवा सुरकुत्यांत अडखळते,
मग पंखा रात्रभर ओरडतोय बघा.
धूळ साचते ती वेगळीच."
बोट आत फिरवून म्हणाला, "नोड्री."
मीही फिरवलं. गुळगुळीत.

घर जांबोटी रस्त्याला.
डिसेंबरात धुकं उंबऱ्याशी येऊन बसतं,
खिडक्या लावल्या की यमुनाक्काचा खोकला
खोलीतल्या खोलीत फिरत राहतो.
तीस वर्षं निपाणीच्या वखारीत
तंबाखू चाळलाय तिनं.

पेटीत म्हणे दोन वारे शेजारून जातात,
जाणारा आपली ऊब येणाऱ्याला देतो,
मिसळत मात्र नाहीत.
ईरण्णा हसला, "नम्म गल्लीसारखं."

पत्र्याचीच घेतली. सव्वीस फूट, चार कोपरे.
"एक कमी करा की,
प्रत्येक वळणाला दम लागतोय हवेला."

हे मी घरी
तिसऱ्या पायरीवर कठडा धरून थांबलेल्या
आक्काला सांगितलं नाही.
नळीचं एक टोक तेवढं तिच्या हातात दिलं.
तिनं आत फुंकर मारून पाहिली.