तिसरा तांब्या

दिवसा अंबडला, स्विचगिअरच्या कारखान्यात
बिलं तपासते. रात्री साडेदहानंतर
एका कंपायलरच्या पोटात उतरते.
कुणी सांगितलेलं नाही, पैसेही नाहीत.
कोड सगळ्यांना खुला आहे,
म्हणजे दार उघडं आहे एवढंच;
आत दिवा लावलेला नाही कुणी.

वरचे मजले सोपे गेले.
शब्द तोडणारा, वाक्य जुळवणारा,
कंसाला कंस भेटला का ते बघणारा.
तीन रविवारांत लिहून मोकळी झाले.

मग तो मजला आला
जिथे एक नाव दोनदा वापरत नाहीत.
क्ष बदलला की क्ष-एक, पुन्हा बदलला की क्ष-दोन.
जुना क्ष मरत नाही, नुसता मागे राहतो,
माझ्या माहेरच्या नावाच्या पासबुकासारखा,
ज्यात अजून दोनशे चाळीस रुपये आहेत.

आणि दोन वाटा मिळतात तिथे
फाय नावाचं एक ग्रीक अक्षर नाक्यावर उभं.
त्याचा एकच प्रश्न: कुठून आलात?
या वाटेनं, तर हा आकडा घ्या. त्या वाटेनं, तर तो.

हे मला लगेच कळलं.
तपोवनात कपिला गोदावरीला मिळते तिथे
कॉलेजचे तास बुडवून आम्ही पैजा लावायचो,
हे गढूळ कुणाचं, ते हिरवट कुणाचं.
चार पावलं खाली गेलं
की विचारायची सोय राहत नाही.

अडलं ते त्याच्या पुढे. ओळ चारशे अकरा.
एक जादा जागा मागितलेली,
तिच्यात काहीतरी ठेवलेलं,
दोन ओळींनी परत उचललेलं.
वर टीप: हे का लागतं माहीत नाही. काढू नका.
खाली वि. ख. अशी आद्याक्षरं,
आणि एक पत्ता, जिथून पत्र परत येतं.

मी काढली. काढणारच ना.
चाचण्या लावल्या, कुकर लावला.
तिसऱ्या शिट्टीला दोन हजार हिरव्या,
वाफ जिरेपर्यंत उरलेल्याही.
एक सोडून.
तीन आणि सात, फेऱ्यात एकमेकांची जागा घेणारे.
बाहेर आले तेव्हा दोघंही सात.

तीन कुठे गेला?
अकरा दिवस शोधत होते.
एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिलात
तीनच्या जागी सात टाकून बसले,
साहेब काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढला.

रविवारी तपोवनाच्या रस्त्याला
शिरसाठांच्या ताकाच्या गाडीवर उभी होते.
मसाल्याचं साध्याच्या तांब्यात,
साधं मसाल्याच्या तांब्यात, पुतण्याचा प्रताप.
शिरसाठ दोन हातांत दोन तांबे घेऊन
क्षणभर नुसते उभे. मग ओरडले,
“मंदे, तिसरा दे गं रिकामा!”

मी पैसे दिले, ताक तसंच ठेवलं आणि निघाले.

रात्री लिहिलं: दोन भांड्यांतलं अदलाबदल करायचं
तर तिसरं लागतं; एकानंतर एक ओतलंत
तर पहिलं दुसऱ्याखाली बुडतं,
आणि मग दोन्हीकडे एकच चव.
भांडं म्हणताना मी तांब्याच म्हटलं होतं.
फिनलंडहून कुणी विचारलं, हा कुठला डेटा टाइप?
फोटो पाठवला, नळाखाली धरलेला.

ओझरच्या हर्षल बोरस्तेनं मात्र चूक काढली.
थर्ड इयरला आहे, वाक्यं तोडून लिहितो:
ताई, गोल फिरत असेल तरच.
नुसतं या भांड्यातलं त्यात, त्यातलं पलीकडच्या रिकाम्यात,
तर आधी शेवटचं हलवा. तिसरा कशाला?
बरोबर होतं. रागही आला. वाक्य सुधारलं,
त्याचं नाव घातलं.

“हे का लागतं माहीत नाही” एवढंच खोडलं.
“काढू नका” ठेवलं.
वि. ख. ठेवलं. ज्याला कारण सापडलं नाही
तरी ज्यानं ओळ राखली,
त्याचंही काही असतं इथे.

आता चारशे सोळावर आहे.
तिथे लिहिलंय: इथून उलटं मोजा.
का, ते नाही.