चुकांचा रकाना

फाहाहीलच्या आमच्या शाळेत बेसबॉलच्या दोन टीम.
पहिलीचे फोटो जिन्यात.
दुसरी ही. हिच्या वाट्याला गेल्या वर्षीची हेल्मेटं,
आतल्या स्पंजाला कुणाकुणाच्या घामाचा वास,
आणि शुक्रवारी सकाळी सातचं मैदान.

मैदान म्हणजे वाळू, वर खडी.
चुन्याच्या रेघा दुसऱ्या डावापर्यंत टिकतात,
मग वारा ठरवतो आत काय, बाहेर काय.

मी वही सांभाळते. नोकरी हिशेबातली, म्हणून मलाच धरलं.
कोच रोहेलियोंनी गाडीच्या बॉनेटवर वही उघडून
तासाभरात शिकवलं: धावा इथे, फटके इथे,
आणि हा शेवटचा रकाना चुकांचा.
झेल सुटला, चेंडू भलतीकडे फेकला,
ज्याची चूक त्याच्या नावावर, शाईनं.
मी म्हटलं, आमच्या क्रिकेटात असं लिहीत नाहीत.
ते हसले. "म्हणून मग तुम्ही लोक वर्षभर बोलत बसता."

जानेवारीत हात खिशातून निघत नव्हते. सतरा-दोन हरलो.
मग अकरा-शून्य.
मग नौफलनं दुसरा तळ चोरला.
त्याची आई कण्णूरची, माझ्या शेजारी थर्मास धरून,
हळूच विचारते, चोरला म्हणतात, मग टाळ्या कशाला?

पाचव्या सामन्यात किरिलोसची चूक
मी हमदच्या नावावर लिहिली.
हमदनं वाकून पाहिलं. पाणी प्यायला. परत गेला.
रात्री घरी खाडाखोड केली.
माझ्यासाठी वहीत रकाना नाही.

मार्चमध्ये डेंझिलच्या बाबांचं कंत्राट संपलं.
नऊ नंबरची जर्सी धुऊन, इस्त्री करून
सुपरमार्केटच्या पिशवीतून परत आली,
सोबत एक पट्टा, जो शाळेचा नव्हताच.
त्याच्या ओळीत पुढे काय लिहायचं?
बाद नाही. जखमी नाही.
"मोकळी ठेवा," कोच म्हणाले.

मग तौझ आला, तो सामना.
अहमदीकडून आभाळ खाकी होत आलं,
पंच म्हणाले, एवढा डाव होऊ द्या.
जोमारनं चेंडू उंच मारला
आणि तो खाली आलाच नाही.
समोरची नऊ पोरं हातमोजे उघडून धुळीत उभी,
जोमार पळतोय, पळतोय, त्याला कुणी थांबवेना.
चेंडू रविवारी सापडला, शाळेच्या बसच्या टपावर.
सामना रद्द. ती धाव मी खोडली,
पण पेन्सिलीनं, हलकी.

एप्रिल. ऊन आता सातलाच डोळ्यांवर.
पाच-पाच. शेवटचा डाव, दोन बाद, तिन्ही तळ भरलेले,
आणि बॅट घेऊन कोण, तर शार्दूल. माझा.
बारा आठवड्यांत एक फटका नाही;
मीच लिहिलंय, मला पाठ आहे.
मी वहीतून मान वर केली नाही.
थप्प असा आवाज आला. बॅटचा नव्हे.

चेंडू बरगडीवर.
नियम असा, की मग पहिला तळ फुकट
आणि पुढच्या सगळ्यांनी एकेक घर सरकायचं.
तो कळवळत पहिल्या तळाकडे निघाला,
तिकडून जोमार चालत, अगदी चालत आला,
शेवटच्या पांढऱ्या पाटीवर पाय टेकवला,
आणि सगळी टीम ओरडत धावली ती शार्दूलच्याच अंगावर.
"बरगडी, अरे बरगडी," तो सांगत होता.

सहा-पाच. अकरा सामन्यांतला हा एक.
या प्रकाराला कोचनी खूण शिकवली होती, आठवेना.
मी मराठीत लिहिलं: अंगावर घेतला.

रात्री हळद लावायला शर्ट वर केला
तर निळ्या डागात चेंडूच्या शिवणीचे टाके,
मोजता येतील असे. सात.
त्यानं फोटो काढून मडगावला पाठवला.
डेंझिलचं उत्तर लगेच आलं:
"कितवा डाव होता?
तळावर कोण कोण होतं?"