मरीयेची मूठ

रुवीच्या चर्चमागच्या खोलीत
यंदाही खोकी मी आणि दीनामावशीनंच उघडली.
होलीच्या पानांवर गेल्या नाताळची धूळ,
लाल मणी अर्धेअधिक गळालेले,
देठाशी चिनी कारखान्याची चिकटपट्टी.
"पुसून घे," मावशी म्हणाली, "देवाचं आहे."

पास्टर शालमोन मुलांना सांगत होते:
पान काटेरी, कारण मुगुट काट्यांचा.
मणी लाल, कारण रक्त.
आयव्ही भिंतीला बिलगून चढते, तसं बिलगावं.
आणि हिरवं का?
जे मरत नाही ते हिरवं.
मागच्या बाकावरून क्षीरसागरांचा जोएल म्हणाला,
"सर, प्लास्टिक तरी कुठं मरतं?"
सगळे हसले.
पास्टरही, जरा उशिरानं.

खरी होली मी अजून पाहिलेली नाही.
राहुरीला आमचं झाड बाभळीचं.
बाबा ओढ्यावरून फांदी तोडून आणत,
रॉकेलच्या रिकाम्या डब्यात मुरूम ठासून उभी करत,
आणि आम्ही बहिणी
काट्याकाट्यावर कापूस टोचायचो.
बर्फ म्हणे.
बोटातून रक्त आलं की आई म्हणायची,
चोख, आणि पुढचा काटा घे.
त्याचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नाही.

वेदीपाशी लाल पानांच्या सहा कुंड्या.
पास्टर म्हणतात, बेथलेहेमचा तारा.
विकणारा मिसरी म्हणाला, बिंत अल-कुन्सुल,
वकिलातीतल्या साहेबाची लेक.
एसीच्या झोतात
लेकीची पानं संध्याकाळपर्यंत गळायला लागली.

रात्री माझी ड्युटी.
चोवीस तारीख, लेबर वॉर्ड, चार खाटा भरलेल्या.
तिसऱ्या खाटेवर रय्या, पहिलटकरीण,
उशाशी तिची आजी झुवैना.
आजीनं फडक्यातून काहीतरी काढलं:
वाळकं, करडं, आवळलेलं,
वाळवंटात वाऱ्यानं गडगडत आलेल्या काटक्यांची गुंडाळी.
"कफ्फ मरियम," ती म्हणाली.
मरियमचा तळवा.
मला तर ती मूठच दिसली.

स्टीलच्या वाडग्यात कोमट पाणी, त्यात ती मूठ.
नियम मला पाठ होता: आजी, पाजायचं नाही.
बघायला ठेवा.
"बघायलाच," ती म्हणाली
आणि वाडगं माझ्या हाताबाहेर सरकवलं.

तिच्या मरियमनं कळांत खजुराचं खोड धरलं होतं.
माझ्या मरीयेनं काय धरलं, शुभवर्तमानात नाही.
गव्हाणीची कड असेल.
योसेफाचं मनगट असेल.
एवढं मात्र मला या वॉर्डात कळलंय,
की काहीतरी धरावंच लागतं.
रय्यानं माझा हात धरला होता.
नखांचे वण अजून आहेत.

बारा वाजता चार सेंटिमीटर. तक्त्यावर लिहिलं.
वाडग्यात एक करंगळी सुटली.
दोन वाजता सहा.
काटक्या एकमेकींपासून दूर होत होत्या,
घाई न करता,
पाणी पिताना म्हाताऱ्या बायका थांबतात तशा थांबत.
साडेतीनला मी वाडग्याकडे बघायचंच विसरले.

चार वाजून दहा मिनिटं. मुलगी. दोन किलो नऊशे.
रडायला तिनं जरा वेळ लावला,
तेवढ्यात मी कुणाकुणाचं नाव घेतलं, सांगत नाही.

झुवैनानं उघडी मूठ पाण्यातून काढली,
झटकली, फडक्यात बांधली.
वाळली की पुन्हा मिटेल.
या एकीनं आजवर अकरा जण आणले, म्हणाली,
त्यातला एक पोलिसात आहे.
मग थांबून तिनं एक काडी मोडली
आणि माझ्या खिशात, पेनाशेजारी खोचली.

सकाळच्या उपासनेला मी तशीच गेले, न झोपता.
दीनामावशीनं होली चकचकीत पुसली होती.
मी काडी गव्हाणीच्या गवतात ठेवली.
फार काही दिसत नव्हतं, चुकून पडल्यासारखं.
जोएल आला, वाकून बघितलं.
"सिस्टर, याचा अर्थ काय?"

थांब, म्हटलं.
आधी पेलाभर पाणी आण.