एक्केचाळीस इंच

दुकानाच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते.
दोनदा रंग दिला, दोनदा वर आली.
मग टेप लावून पाहिली, हाताला सवयच ती:
एक्केचाळीस इंच.
धिप्पाड माणसाची छाती.

खाबूरात मला नावानं कुणी ओळखत नाही.
खय्यात म्हणतात, म्हणजे शिंपी.
त्या वर्षी वादळाचं नाव सगळ्यांना पाठ होतं,
मेसेज आला होता, अरबीत, मग इंग्रजीत.
शमसुलला दोन्ही येत नाहीत.
तो आणि मोनीर वादीच्या कोरड्या पात्रात
पत्र्याखाली राहायचे. तिथं भाडं नव्हतं.

वादी म्हणजे नदी नव्हे,
नदी इथून गेली होती एवढी खूण.
रात्री आठला ती परत आली,
सोबत डोंगर, तीन गाड्या, एक उंट.

शमसुल पहाटे खजुरीच्या शेंड्यावर सापडला.
मोनीर चौथ्या दिवशी, कुणाच्या तरी कुंपणात.

यंदा खल्फान रोज होडीवरून वाकून
समुद्रात हात बुडवतो, ताप बघावा तसा.
आखाताचं पाणी, म्हणतो,
या दिवसांत एवढं कोमट नसायचं.
हात पुसत नाही. तसाच धरून बसतो.

आम्ही पोती शिवतोय.
डिशडाशांची कापणं, शाळेचे पडदे,
कुणाच्या तरी लग्नातल्या सोफ्याचं जरीचं कव्हर.
दुहेरी टीप. पोरं वाळू भरतात
आणि मी ओरडतो, गच्च नको रे!
गच्च भरलेलं पोतं शेजारच्याला टेकत नाही,
मधून पाणी येतं.

कुंजुमोननं दुकानाचा फ्रीज गच्चीवर चढवला.
आत सात घरांचं इन्सुलिन, प्रत्येकावर नाव,
आणि कोपऱ्यात त्याचं स्वतःचं लोणचं.
उस्ताझा इनासनं मुलांना घेऊन
पाच भाषांत निरोप रेकॉर्ड केला.
मला म्हणाली, तुझ्या भाषेतही बोल.
मी म्हटलं, इथं मराठी मी एकटाच.
मग एकट्यासाठी बोल, म्हणाली.

बोललो. घसा दोनदा खाकरून.
'वादी ओलांडू नका. पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी नका.
म्हातारी माणसं आधी. मशिदीच्या वरच्या मजल्यावर या.'
तोच श्रीवर्धनला बहिणीला पाठवला.
तिचं उत्तर आलं:
मशीद सोडून बाकी सगळं इथंही चालेल.
वाडीत ऐकवते.

वादळ परवा वळलं. इराणकडे म्हणे.
आम्हाला आनंद झाला आणि लगेच लाज वाटली.
शमसुल तरीही दारोदार जाऊन माणसं मोजून आला.
एकशे बारा. एक पाहुणा धरून.

आज मशीनची मोटर भिंतीवर चढवतोय.
इलेक्ट्रिशियन पोरगा विचारतो, किती उंच?
रेघ एक्केचाळीसला आहे, बेचाळीस पुरे?

कापड बेतताना शिवणीत थोडं जास्तीचं सोडतात,
आमच्याकडे त्याला माया म्हणतात.
मोठ्या माणसाला अर्धा इंच पुरते.
वाढत्या अंगाच्या पोराला
जास्त ठेवावी लागते.

मी दाराबाहेर बघतो. समुद्र शांत आहे,
अजून वाढतोय.
साठ, मी म्हणतो. साठवर ठोक.