निल्लु

शून्य अंशावर ठेवली तर काठी पडतच नाही.
पडद्यात वारा नसतो,
मजगावच्या वळणावर गिअर बदलणारा ट्रक नसतो,
शेजारच्या शेडमधला दणका नसतो.
रात्रभर उभी राहिली असती,
खोटी.
म्हणून मीच तिला जरा कलती केली,
शून्य पूर्णांक शून्य एक रेडियन,
डोळ्याला दिसतसुद्धा नाही एवढी.
दीड सेकंदात आडवी.

पहिल्या रात्री माझं चिन्ह चुकलं होतं.
काठी उजवीकडे कलली
की गाडा डावीकडे पळायचा,
पडणाऱ्याच्या पायाखालचं पोतं ओढून घ्यावं तसा.
शिवलीला भडंगाचा कागद चुरगळत म्हणाली,
"असे एक काका आहेत आमच्या गल्लीत."

चिन्ह बदललं. जोर वाढवला.
उभी राहिली, पण ताप भरल्यासारखी थरथरत.
किती कललीय एवढंच विचारून भागत नाही,
किती वेगानं कलतेय तेही विचारावं लागतं,
ते विचारायला शिकवलं तेव्हा निवली.
आम्ही टाळ्या दिल्या.
आणि बघतो तर
काठी ताठ,
आणि गाडा मुंगीच्या पावलानं चाललाय रुळाच्या टोकाकडे,
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं
कुठे राहायचं ते.

सांगितलं.
तर त्याला एक हात उजवीकडे यायचं होतं
आणि तो आधी निघाला डावीकडे!
मी पुन्हा चिन्हं तपासली. सगळी बरोबर.
काठीला उजवीकडे कलू द्यायचं
आणि मग तिच्यामागे धावायचं,
दुसरी वाटच नाही त्याला.

"आमच्यात थांबलाही निल्लु,
उभी राहालाही निल्लु," शिवलीला म्हणाली.
"मग कुठलं ते कसं कळतं?"
"कळतं की."
पडद्यावर गाडा इकडे तिकडे, इकडे तिकडे,
दाण्याएवढा.

साडेअकराला बाबा आले, उद्यमबागेतून, दुसरी पाळी करून.
शर्टाला साच्याची काळी वाळू.
माझ्यामागे उभे राहिले.
"सारखं हलतंय कशाला?"
"उभं राहायला."
"लॅडल पण तसंच असतंय," म्हणाले.
दांडीच्या पुढच्या टोकाला इराप्पा, मागच्या टोकाला हे,
मध्ये लाल रस.
पुढचा कानडीत ओरडतो, मागचा मराठीत शिव्या देतो,
आणि दोघांचे गुडघे आपसूक वाकतात.
"हात ताठ धरलास की सांडलं."

मला दाखवायची हौस.
म्हटलं, आता बघा हं,
हिला सगळं कळेल, पण जरा मागाहून.
दोन दशांश सेकंदांचा उशीर घातला.
काठी एकदा झुलली,
दुसऱ्यांदा जास्त झुलली,
गाडा बरोबर तेच करत होता जे करायला हवं होतं
मघाशी.
तिसऱ्यांदा गेली.

बाबा काही बोलले नाहीत.
उजव्या पायानं डाव्या घोट्यावर खाजवलं,
जिथे रुपयाएवढी गुळगुळीत कातडी आहे,
जिथे केस येत नाहीत.
त्या दिवशी इराप्पा ओरडला होता, निल्लु.
बाबांना कळलंही होतं.

शिवलीलाला तिचा भाऊ न्यायला आला.
मोरीत बादलीचा आवाज आला, मग पाण्याचा.
मी तो उशीर खोडला नाही,
थोडा कमी केला, पुन्हा चालवलं, पडली.
पुन्हा कमी केला.
एकाच्या सुमाराला एकदा
चौदा सेकंद राहिली.

"खरी करणार काय गं ही?" आतून हाक.
"मोटर नाही."
बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं झोपले.
"टेंपोच्या वायपरची चालते काय?
खानापूर रोडला मोनाप्पाच्या भंगारात बघतो,
फिरती आहे का तेवढं विचारतो.
रूळ घासून देईन मी.
काठी कसली, लोखंडी?"
"अॅल्युमिनियम."
"मग हलकी पडेल," म्हणाले,
आणि उठून दिवा लावला.