तिसऱ्या धुण्याचं पाणी

पहिल्यांदा गेलं तेव्हा मी रंग ओळखला होता.
लाल नव्हे. लाल मला ठाऊक आहे,
एकतीस वर्षं हौदात कोपरापर्यंत होतो मी.
हे तिसऱ्या धुण्याचं पाणी,
सूत पिळून झाल्यावर गटारात सोडतात ते.
नागमणीला म्हटलं, बीट खाल्लं असेल.
ती म्हणाली, बीट कधी आणलंत घरात?

मग दुर्बीण.
दर तीन महिन्यांनी, वर पंखा,
त्याच्या पात्यांवरची धूळ मोजत,
जिथून आजवर फक्त बाहेर यायचं
तिथून आत जाणारी नळी.
नंतर दोन दिवस आग.
त्या जागेला शब्द आहे, मराठीत आणि आमच्या तेलुगूतही,
दोन्हीकडे तो हळूच बोलतात.

आज डॉक्टर तस्नीम नदाफ म्हणाली,
काका, या खेपेला वरूनच बघू आधी.
दीड लिटर पाणी प्या आणि धरून ठेवा.

दीड लिटर!
आमच्या गल्लीत नळ चौथ्या दिवशी येतो.
तांब्या मोजून अंघोळ करणारा मी
बाकावर बसून पिंपासारखा भरत गेलो,
गुडघा हलवत,
कॅलेंडरवरच्या तारखा उलट्या वाचत.

पोटावर गार जेल.
पडद्यावर काळं तळं.
सगळा जन्म रंगात गेला
आणि माझ्या आतलं चित्र राखाडी, निव्वळ राखाडी.
काळं ते पाणी, ती म्हणाली, पांढुरकी कड ती भिंत.
धाकटा व्यंकटेश ग्राफच्या कागदावर मोर काढायचा
चौकोनामागून चौकोन, पत्त्यांना भोकं पाडण्याआधी.
एक चौकोन चुकला
की शंभर चादरींवर मोराच्या मानेला मस.
तसाच मस मी शोधत होतो.

इथं?
ती घडी आहे, काका.
आणि हे?
मला बघू द्या ना.

बराच वेळ बघितलं तिनं.
मग म्हणाली, दिसत नाही काही.
पण सपाट असेल तर यात सुटतं, खोटं नाही सांगत.
दुर्बीण बंद नाही होणार. सरांशी बोलून लांबवू.

लांबवू.
जेल पुसलेल्या कागदासोबत
तो शब्द घडी करून खिशात घातला
आणि पळालो.
कडी लागायच्या आत सुटलं सगळं.
वाकून बघितलं, सवयच ती.
कोरं.

घरी आलो तर नळ आलेला,
नागमणी घागर लावून उभी, पदर खोचलेला.
किती वेळ झाला येऊन? मी विचारलं.
ती वळलीही नाही,
म्हणाली, आधी तुमचं सांगा.