लेंड्यांची वही

डॉक्टर वीबेंगा म्हणाली, एवढं लक्षात ठेवा:
ऑपरेशननंतर माणूस उपाशी राहू शकतो,
ससा नाही.
पोट थांबलं की ससा थांबला.
खातोय का बघा. लेंड्या मोजा.

मी पुलावरचा माणूस.
ग्रोनिंगनच्या कालव्यावरचा पूल वीस वर्षं उचलतोय, खाली ठेवतोय,
आणि वहीत लिहितोय:
वेळ, बोटीचं नाव, कुठल्या दिशेला.
मोजायला मला शिकवावं लागत नाही.

हिवाळ्यात बोटी कमी.
त्याच वहीच्या मागच्या पानावर रकाने पाडले:
गवत, पाणी, औषध, लेंड्या.
पहिल्या रात्री
शेवटचा रकाना कोरा.

खोकं स्वयंपाकघरात, रेडिएटरपासून हातभर लांब.
भुसा नको, टाक्यांना चिकटतो, म्हणून खाली माझा जुना शर्ट.
ब्रॉमर कोपऱ्यात, पाठीचा गोळा करून,
डोळे अर्धे मिटून
दात खातोय.
रागानं नव्हे. दुखतंय म्हणून.

नीन्के बुधवारपर्यंत आसेनला, आईकडे.
फोनवर पहिला प्रश्न: किती?
अजून एकही नाही, हे सांगायला
घसा खाकरावा लागला.
दुसरा प्रश्न: बाबा, त्याला विचारलं होतंस का?

नाव तिनंच ठेवलेलं. ब्रॉमर म्हणजे मोपेड.
वयात आला तसा तिच्या पायांभोवती गरगर फिरायचा
घूंऽ घूंऽ करत,
कानात वारं शिरल्यासारखा.
मोजे ओढायचा. चावायचा.
माझ्या वाटणीला आलेला एकुलता एक सोफा
मुतून मुतून त्यानं आपल्या नावावर करून घेतला.

होईल शांत, डॉक्टर म्हणाली होती, महिना-दीड महिन्यात.
मग तो घूं करणार नाही?
डॉक्टरनं पेनाचं टोपण लावलं.
काही जण करतात, म्हणाली.

रात्री अकरा. दोन.
पावडर कोमट पाण्यात कालवून
टॉवेलात गुंडाळलेला ससा मांडीवर,
सिरिंजचं टोक गालाच्या कडेनं, दातांमागच्या फटीत,
थोडं, मग थांबायचं, मग थोडं.
निम्मं माझ्या बाहीवर.
पार्सली हुंगली, तोंड फिरवलं.
केळ्याच्या वासाचं औषध मात्र चाटलं,
आणि माझा अंगठाही, चुकून.

चार चाळीसला टॉर्च मारला.
शर्टाच्या बाहीत, जिथे माझं कोपर असायचं तिथे,
तीन.
मिऱ्यापेक्षा बारीक, वाकड्यातिकड्या,
पण तीन.
जीव भांड्यात पडला.
वहीत लिहिलं: ४.४०, तीन,
आणि हाताच्या सवयीनं पुढे: उत्तरेकडे.

सात वाजता फोन केला.
नीन्के ओरडली. मागून तिची आई, काय झालं, काय झालं?
नीन्के तिला सांगत होती, तीन! आई, तीन!
आणि तिची आई हसली.
पलीकडून फोन ठेवल्यावरही
मी थोडा वेळ तो कानाला लावूनच उभा होतो.

आता दहावा दिवस.
टाके कोरडे. गवत संपतं. लेंड्या एवढ्या की मोजत नाही.
नीन्के नवे लाल मोजे घालून
खोलीच्या मधोमध उभी राहते, हलत नाही.
तो येतो, अंगठा हुंगतो,
आणि मागचे पाय लांब पसरून
शेजारी आडवा होतो.
ती वाट बघते. मग म्हणते, ठीक आहे.
मग जिना चढून जाते.

दिवा मालवण्याआधी
मी खोलीचं दार लावलं, इकडेतिकडे पाहिलं,
आणि छप्पन्न वर्षांचा, पायात चपला नसलेला मी
त्याच्याभोवती एक फेरी मारली,
ओठ मिटून,
घूंऽ घूंऽ.
त्यानं एक कान वळवला.
दुसरी फेरी.
मग मागचा पाय फरशीवर असा आपटला
की कपाटातली बशी वाजली.

वरून नीन्केचा आवाज:
बाबा, झोपू दे त्याला.